इनारा मॅडमचा खोकला

मला माणसं चटकन आवडत नाहीत. नवरा म्हणतो हा तुझा दोष आहे. मी म्हणते यात वेळ वाचतो. इनारा काल्निन्या मला आवडायला दोन वर्षं लागली. एकदा आवडल्यावर मात्र ती आता कायमची जाते की काय, या काळजीने गेल्या उन्हाळ्यात माझा जीव अर्धा झाला.

इनारा आमच्या फॅक्टरीची केमिस्ट. शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये आमचं युनिट आहे. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत बसवतात ते फोमचे जाड पॅनल आम्ही बनवतो. मासळी, आइस्क्रीम, औषधं, इथल्या उन्हात जे जे थंड राहतं ते अशा फोमच्या जिवावर. मी क्वालिटी बघते, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार घेते. फोम कशापासून आणि कसा बनवायचा, ते इनारा ठरवते. ती लात्व्हियाची. हा देश कुठे आहे हे ती येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, त्यानंतरही माझ्या मुलीला नकाशात मी तो चुकीच्याच जागी दाखवला.

नाव ऐकून आमच्या अकाउंट्समधल्या खैरुन्निसाला वाटलं होतं, कुणी आगाखानी बाई येतेय. आली ती दारातून वाकून शिरावं लागेल एवढी उंच, पांढुरक्या केसांची बाई. आल्या आल्या तिने केबिनचा एसी बंद केला आणि ताजी हवा हवी म्हणून खिडकी उघडली. हमरियात, भर जूनमध्ये! दहा मिनिटांत तिने खिडकी लावून घेतली, ती पुन्हा म्हणून उघडली नाही.

आम्ही दोघी शारजात अल खानला राहतो. ती गाडी चालवत नाही, म्हणून मालकांनी तिला माझ्या गळ्यात बांधलं. सकाळी अर्धा तास जाताना, संध्याकाळी तासभर येताना. गाडीत ही बाई बोलायचीच नाही. मी पुण्याची, शेजारचं माणूस गप्प बसलं की मला वाटतं आपल्यावर रागावलंय. पहिले सहा महिने मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत गाडी चालवली. मग हळूहळू कळलं की तिच्याकडे गप्प बसणं हा माणसांना दिलेला मान असतो. अधूनमधून ती एखादं वाक्य बोलायची, आणि त्या वाक्यांतूनच मला तिचं आयुष्य कळलं.

तिचे वडील पाइनच्या जंगलात कामाला होते. झाडांना चिरा पाडायच्या आणि पाझरणारा चीक गोळा करायचा, हे त्यांचं काम. लहानपणी इनारा तो वाळलेला चीक चघळायची. पातळ चीक कडक का होतो, हा तिला पडलेला पहिला प्रश्न, आणि तिच्या मते त्याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही. रिगाच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकून ती एका संशोधन संस्थेत लागली. तिथे ती मोहरीच्या जातीच्या तेलबियांपासून फोम बनवायला बघत होती. तेवढ्यात देश स्वतंत्र झाला. "आम्ही रस्त्यात नाचलो," ती म्हणाली, "आणि नाचून परत आलो तर पगार द्यायला कुणी नव्हतं." संस्थेतले लोक पांगले. ती गाद्यांच्या कारखान्यात लागली. नवरा कामासाठी आयर्लंडला गेला तो तिथलाच झाला. मग मंदीत कारखानाही बंद पडला. हे सगळं तिने मला अजमानच्या एका सिग्नलवर सांगितलं, आणि सिग्नल सुटल्यावर विचारलं, "संध्याकाळी दूध घ्यायचंय का तुला?"

आमचे मालक कच्छी. जर्मनीतल्या एका प्रदर्शनात स्टॉलवर उभे असताना ही उंच बाई आली, त्यांचा नमुना बोटाने दाबला आणि म्हणाली, "हा फोम वाईट आहे." मालकांनी तिला तिथल्या तिथे नोकरी दिली. माणूस व्यापारी आहे, पण डोकं जाग्यावर आहे.

आता मुद्द्याचं सांगते. फोम बनतो दोन द्रवांपासून. दोन्ही एकत्र ढवळले की ते ढोकळ्यासारखे फुगतात आणि घट्ट होतात. त्यातला एक द्रव एरवी खनिज तेलापासून येतो. इनाराला तो वनस्पतीच्या तेलापासून करायचा होता, रिगात अर्ध्यावर राहिलेलं तेच काम. इथे तिला त्यासाठी एरंडेल सापडलं. मालक पोट धरून हसले. "इनाराजी, एरंडेल तो हमारे यहाँ पेट साफ करने को देते हैं!" पण कच्छमध्ये एरंड मुबलक, त्यामुळे हिशोब त्यांच्याही लक्षात आला. लॅबमध्ये तिचे छोटे नमुने उत्तम निघाले. थंडीत मोठ्या मशीनवर चाचणी घ्यायची ठरली. तीस वर्षांपूर्वी हातातून सुटलेली गोष्ट बाईच्या हातात परत आली होती. ती गाडीत गुणगुणायला लागली. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, पण सूर बरा होता.

दुसरा द्रव म्हणजे आयसोसायनेट. हा मोठा खुनशी प्रकार. मास्क, हातमोजे, पंखे सगळं असलं तरी शंभरातल्या एखाद्याच्या फुप्फुसांना तो एके दिवशी सोसेनासा होतो. आणि एकदा सोसेनासा झाला की नुसत्या वाऱ्यानेही दमा उसळतो. मग त्या माणसाने या धंद्यात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. यावर औषध नाही, उतारा नाही.

मार्चमध्ये लॅबमध्ये एक छोटा ड्रम कलंडला. थोडंसंच सांडलं, नियमाप्रमाणे साफ झालं. आणि एप्रिलमध्ये इनारा खोकायला लागली.

आधी वाटलं धूळ असेल. मग लक्षात आलं की खोकला सकाळी केबिनमध्ये बसल्यावर सुरू होतो आणि संध्याकाळी गाडीत कमी होतो. रविवारी ठणठणीत, सोमवारी पुन्हा तेच. मी आलं घालून चहा दिला, हळदीचं दूध दिलं. ते तिने एक घोट घेऊन अतिशय सभ्यपणे बाजूला ठेवलं. शेवटी जुलैत मी तिला ओढतच डॉक्टर रशीदा यांच्याकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं, लॅबचं सगळं विचारून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"इनारा, मुझे ये आयसोसायनेट का केस लगता है. टेस्ट करेंगे, पण पहिले दोन हफ्ते छुट्टी. अगर वही है, तो खलास. नॉट वन ड्रॉप. एव्हर."

सुट्टीत इनाराचा खोकला पार गेला. एरवी आपण देवाला नारळ फोडला असता. इथे बरं वाटणं हाच पुरावा होता. फॅक्टरीत आली की आजारी, घरी राहिली की बरी. त्या दोन आठवड्यांत मी तिला रोज फोन करायची आणि "कशी आहेस?" असं विचारायची. ती म्हणायची, "वाईट बातमी. छान आहे."

एका शुक्रवारी तिला जेवायला बोलावलं. माझ्या रिद्धीने वरणभात कालवता कालवता विचारलं, "आंटी, इफ यू आर सिक, डज युअर व्हिसा गेट कॅन्सल्ड?" मी तिला टेबलाखालून लाथ मारली. पण मुलीने नेमकं विचारलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी आयसोसायनेट न सोसणाऱ्या पॉलिमर केमिस्टला कोण घेणार? रिगात तिचा एक फ्लॅट आहे. आई गेली, माणूस कुणी उरलं नाही. इनारा रिद्धीला म्हणाली, "हो. पण मला व्हिसाचं वाईट वाटत नाही. मला तो फोम फुगताना बघायचा होता." आणि ती पापड मोडत बसली. मी लिंबू आणायच्या निमित्ताने आत गेले, कारण माझे डोळे भरून आले होते.

ऑगस्टमध्ये ती परत आली ती काम सोपवून द्यायला. लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही, केबिनमध्ये बसून सगळं समजावून सांगायचं, असं मालकांनी बजावलं होतं. त्यांचाही चेहरा उतरलेला. आणि काय सांगू, केबिनमध्ये बसून तिचा खोकला दुप्पट झाला! फॅक्टरीत सगळे कुजबुजायला लागले: बघा, आता भिंतीपलीकडचा वाराही सोसत नाही. मीही तेच म्हणाले. मी तर गाडीत तिला म्हणाले, "इनारा, आता हट्ट नको करू."

ती म्हणाली, "अनुराधा, मी काल केबिनची हवा तपासली. मशीन तीनदा लावलं. आयसोसायनेट शून्य."

"मग?"

"शून्याने खोकला येत नाही. आणि मी लॅबमध्ये जात नाही तर खोकला वाढला. हे उलटं आहे. त्या खोलीत दुसरं काहीतरी आहे. उद्या मला लवकर ने. कुणी यायच्या आत मला ती खोली बघायचीय."

मला वाटलं, बुडत्या माणसाचा हा शेवटचा प्रयत्न. पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. फ्री झोनच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला "सबाह अल खैर" म्हणाला आणि आमच्या तोंडाकडे बघत त्याने गेट उघडलं.

लॅबच्या पॅसेजमध्ये दिवे चालू होते. इनाराच्या केबिनचं दार बंद, आत एसीची घरघर. मी दार उघडलं, आणि आतून धुराचा लोट आला.

आत दत्ताराम होता.

दत्ताराम आमचा लॅब अटेंडंट, लांज्याकडचा. पन्नाशीचा, तोंडात साखर, अंगात कष्ट. इथे एकटाच राहतो. बायको गिरिजा गावी. लॅबच्या काचा तो अशा पुसतो की दोन माणसं त्यांवर आपटली आहेत. त्याच्या हातात पितळी धुपाटणं होतं. खुर्चीखाली, टेबलाखाली, कपाटामागे तो ते मनोभावे फिरवत होता, आणि ओठ हलत होते. वर छताला धुराच्या अलार्मवर रबरी हातमोजा चढवलेला.

"दत्ताराम! काय चाललंय हे?"

तो दचकला, पण चेहऱ्यावर चोरी नव्हती. "काय नाय ताई, धूप घालत होतो. मॅडम यायच्या आधी खोली शुद्ध नको व्हायला?"

"रोज घालता?"

"रोज. मार्चपासनं. तो ड्रम सांडला ना, तेव्हा इथे विषारी वारा शिरला. आमच्यात घरात असं काय झालं की धूपच घालतात ओ. मग मॅडमना खोकला लागला, तसा मी थोडा वाढवला. गिरिजाने गावचा ऊद पाठवला, इथल्या अरबांचा बखूर घातला, गुग्गुळ घातला. आता मॅडम जाणार म्हणतात, तर त्या परत आल्यापासनं दोन वेळा घालतोय. दुपारी त्या जेवायला गेल्या की एकदा."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भिंतीपलीकडे ड्रम आणि इकडे निखारे! अलार्मला मोजा! मी खुर्चीवर चढून तो मोजा ओढून काढला, तर अलार्म लगेच किंचाळायला लागला आणि मला तो बंद करता येईना. त्या गोंगाटात दत्ताराम नुसता "ताई, ताई" करत होता.

खरं सांगायचं तर माझा निम्मा राग स्वतःवर होता. तो वास मला रोज येत होता. इनाराच्या केबिनमध्ये शिरलं की तो यायचा, आणि मला वाटायचं, चला, सगळं ठीक आहे. धुपाच्या वासाचा संशय घ्यायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. आईकडे संध्याकाळी तोच वास, इथे प्रत्येक मॉलमध्ये आणि प्रत्येक लिफ्टमध्ये तोच. खैरुन्निसाला आला असणार, मालकांना आला असणार. आमच्यापैकी कुणाच्याही नाकाला तो खटकला नाही. इनाराला वाटायचं, या बिल्डिंगला असाच वास असतो.

आणि इनारा? ती दारात उभी राहून खोकत होती. खोकता खोकता तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं, झालं, हिला अटॅक आला. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकला थांबत नव्हता आणि हसूही थांबत नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"दत्ताराम," ती दम घेत म्हणाली, "इसमें क्या क्या है? एक एक बोलो." कोळसा म्हटल्यावर ती आणखी हसली. "बंद रूम. एसी. कोयला. हर रोज! माय गॉड, मैं आयसोसायनेट को गाली दे रही थी!"

दत्तारामला तेव्हा उमगलं. त्याने धुपाटणं खाली ठेवलं. "म्हणजे मॅडमना माझ्यामुळे?" त्याने मला विचारलं. मी रागात होते, मी "हो" म्हणाले. इतकं तोडून बोलायला नको होतं. माणूस तिथेच जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी कान धरले.

डॉक्टर रशीदा आमच्यासारख्या उतावळ्या नव्हत्या. "इन्शाल्ला यही हो," त्या म्हणाल्या, "पण मी अशी सही करणार नाही." आधी केबिन धुऊन काढली. खोकला गेला. मग इनाराला मास्क लावून थोडं थोडं लॅबमध्ये जाऊ दिलं, आत जाताना आणि बाहेर येताना नळीत फुंकायचं. आकडे हलले नाहीत. तरी त्यांनी तिला दुबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत अगदी कणभर आयसोसायनेट हुंगवून बघतात. मी बाहेर बसले होते. देवाचं नाव घ्यायची मला फारशी सवय नाही, त्यामुळे जे आठवेल ते म्हणत होते, पाढेसुद्धा. संध्याकाळी ती बाहेर आली. हातात पर्स, चेहऱ्यावर काही नाही.

"काय झालं?"

"काहीच नाही झालं," ती म्हणाली. मला अर्थ कळायला क्षणभर वेळ लागला. मग मी त्या कॉरिडॉरमध्ये तिला कडकडून मिठी मारली. ती बाई मिठीत लाकडासारखी उभी राहिली, पण सोडवून घेतलं नाही.

छातीवरचा दगड उतरणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. येताना ट्रॅफिक तुंबलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही.

राहिला दत्ताराम. मोज्याचं आणि निखाऱ्यांचं मी मालकांच्या कानावर घातलं. ते लपवणं बरोबर नव्हतं. मालकांनी त्याला झाप झाप झापलं, पण काढलं नाही, कारण इनारा मध्ये उभी राहिली. त्याने स्वतःच स्टोअरला बदली मागितली. इनाराच्या केबिनच्या दारापर्यंत यायचा आणि तिथूनच परतायचा. मी समजावलं, "दत्ताराम, झालं गेलं विसरा." तो म्हणाला, "ताई, मी त्या बाईला देशोधडीला लावत होतो, आणि वर देवाचं नाव घेत होतो."

शेवटी इनारानेच त्याला बोलावलं. मी तिथे होते. ती हळूहळू, तिच्या त्या मोडक्या हिंदीत बोलली. "दत्ताराम, मैं इतना साल काम किया. तीन जगह. कोई मेरे से पहले आके मेरा कमरा मेरे लिए तैयार नहीं किया. तुम किया. गलत किया. अब सही करो. सुबह आओ, खिडकी खोलो, बस." दत्तारामने मान हलवली, पण स्टोअरमधून परत आला नाही.

डिसेंबरच्या अखेरीस मोठ्या मशीनवर चाचणी झाली. सगळे जमले होते. मालक कच्छहून पेढे घेऊन आले होते आणि ते वाटायची त्यांना घाई झाली होती. इनाराने मास्क चढवला आणि आजूबाजूला बघितलं. "दत्ताराम किधर?" कुणीतरी त्याला स्टोअरमधून आणलं. तो काचेच्या दाराशी उभा राहिला.

पिवळसर द्रव साच्यात पडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो सायीसारखा दाटला, हलला आणि वर यायला लागला, एकसारखा, सावकाश, काठापर्यंत. इनारा हात मागे बांधून बघत होती. ठोकळा थंड झाला, कापला. आतून एकसारखा, कुठे भोक नाही, भेग नाही. मग तिने मास्क काढला, वाकली आणि त्या कापलेल्या ठोकळ्याशी नाक नेऊन छाती भरून श्वास घेतला.

आमच्यापैकी कुणीही फोमकडे बघत नव्हतं. सगळे कान देऊन उभे होते.

आणि खोकला ऐकू आला.

मालकांच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स तिरका झाला. इनारा सरळ झाली आणि तिने मागे वळून बघितलं. दाराशी दत्ताराम तोंडावर रुमाल दाबून हुंदका आवरत होता, तो त्याला आवरला नव्हता आणि ठसका लागला होता. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर तो घाबरला आणि आणखीच खोकायला लागला.

इनारा लांब ढांगा टाकत त्याच्याकडे गेली. कारणाशिवाय कुणाचा हातही हातात न घेणारी ती बाई त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. "साँस लो, दत्ताराम," ती म्हणाली. "मैं ठीक हूँ. देखो. मैं इधर ही हूँ." त्याचा ठसका थांबला तरी तिने हात काढला नाही. मग सगळेच हसले, आणि सगळ्यात मोठ्याने मी, कारण मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.